घाटात ट्रक अडकला की टेबल ड्रॉप होत नाही: ‘पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स’चं दुखणं

आमच्या ऑफिसात दोन पावसाळे एक समजूत घट्ट बसली होती: कसारा घाटात पाऊस कोसळला की पहाटेचा जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पडतो. कुणी हे हसत सांगायचं, कुणी गंभीरपणे. रात्रपाळीच्या मुलाने तर हवामानाचं ॲप मोबाइलच्या पहिल्याच पानावर आणून ठेवलं होतं.

ऑफिस महापेला, डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल, आणि ग्राहक वाशी मार्केटातले कांदा-बटाट्याचे आडतदार. रात्री ट्रक गेटवर आला की नोंद होते: गाडी नंबर, माल, गोण्या किती, कोणत्या गाळ्यावर उतरायचा. या नोंदी आधी ‘कच्ची_आवक’ नावाच्या टेबलात पडतात. पहाटे चारला जॉब त्या उचलून ‘पावती’ या पक्क्या टेबलात टाकतो, आणि कच्चं टेबल ड्रॉप करतो, म्हणजे पाडून टाकतो. दुसऱ्या रात्री नवं टेबल. साधं काम. वर्षातले बहुतेक दिवस ते बिनबोभाट व्हायचं. मग एखाद्या ओल्या पहाटे लॉगमध्ये हे यायचं (पडद्यावर इंग्रजीत दिसतं, मी उच्चारानुसार लिहिते आहे, या लेखातल्या आज्ञाही तशाच वाचा आणि टाइप करताना रोमन लिपीत करा):

एरर: कॅनॉट ड्रॉप टेबल "कच्ची_आवक" बिकॉज इट हॅज पेंडिंग ट्रिगर इव्हेंट्स

मी ठाण्याच्या फलाटावर ट्रान्स-हार्बरच्या गाडीची वाट बघत असताना फोन यायचा. “मॅडम, परत तेच. पण आता हाताने चालवला, झाला.”

“दुसऱ्यांदा चालवला की होतो” या वाक्याने आमची दोन वर्षं खाल्ली. जे दुसऱ्यांदा चालतं त्याच्या मागे कुणी लागत नाही. सर्व्हरवर लोड असेल, नेटवर्क असेल, कुणीतरी रिपोर्ट उघडून ठेवला असेल. यातलं एकही नव्हतं.

दुसऱ्या कुणाला शोधू नका

हा एरर आला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: टेबल कोण धरून बसलंय ते बघा. मग पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी (आत्ता कोण जोडलंय त्याची यादी) उघडायचं, संशयित सेशन (कुणाचं तरी चालू कनेक्शन) मारायचं, कनेक्शन पूल रिस्टार्ट करायचा. आम्हीही हे सगळं केलं. एका पहाटे तर मुलाने एका आडतदाराचा चालू रिपोर्ट मारला आणि सकाळी शेठच्या शिव्या वर खाल्ल्या.

दुसऱ्या सेशनने टेबल धरलेलं असतं तर एरर आलाच नसता. तुमचा ड्रॉप नुसता थांबून राहिला असता, लॉक सुटेपर्यंत. ड्रॉप टेबल आधी त्या टेबलावर ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक घेतो, म्हणजे बाकी सगळे बाहेर. लॉक मिळाल्यावरच पोस्टग्रेस तपासतो की *याच* सेशनचं त्या टेबलावर काही काम अर्धवट आहे का. तुम्हाला जो एरर दिसतो तो या तपासणीतला आहे. तेव्हा गुन्हेगार तुमच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांच्या गठ्ठ्यात), ड्रॉपच्या वरच्या ओळींमध्ये आहे. तिथेच बघायचं.

या एररचा कोड ५५००६, अर्थ ‘वस्तू वापरात आहे’. याच कोडखाली आणखी दोन संदेश भेटतात. एक, टेबल ‘बीइंग यूज्ड बाय ॲक्टिव्ह क्वेरीज इन धिस सेशन’: त्याच टेबलावर कर्सर (ओळी थोड्या थोड्या वाचणारी क्वेरी) उघडा आहे, किंवा पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फॉर लूपमध्ये तुम्ही त्याच टेबलाच्या ओळी वाचता वाचता ते पाडायला निघालात. दुसरा, आख्खा डेटाबेस ड्रॉप करताना इतर लोक जोडलेले असतील तर येणारा; दुसऱ्या सेशन शोधायच्या असतात त्या याच वेळी. तेव्हा स्क्रिप्टमध्ये नुसता कोड पकडून ‘पुन्हा प्रयत्न करा’ असं लिहू नका. तिघांचे उपाय वेगळे आहेत, आणि आपल्या एररला त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कितीही वेळा प्रयत्न केला तरी उत्तर तेच येणार.

बाकी कशाची असते

गाळ्यावर रोख व्यवहार होतो तसा उधारीचाही होतो. माल आत्ता घ्या, हिशोब आठवड्याअखेर. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन कीचेही (या टेबलातलं मूल्य त्या टेबलात असलंच पाहिजे, या अटीचेही) असे दोन प्रकार आहेत. नेहमीची फॉरेन की रोखीची: इन्सर्ट संपला की त्याच क्षणी तपासणी, ‘हा गाळा गाळ्यांच्या टेबलात आहे का’. डिफरेबल इनिशियली डिफर्ड असं लिहिलेली फॉरेन की उधारीची: तपासणी कमिटच्या, म्हणजे ट्रान्झॅक्शन पक्कं होण्याच्या वेळी. तोवर प्रत्येक ओळीमागे एक इव्हेंट रांगेत लागतो, कारण फॉरेन कीची तपासणी पोस्टग्रेस आतून ट्रिगरनेच (ओळ बदलली की आपोआप चालणाऱ्या कोडनेच) करतो. तुम्ही एकही ट्रिगर लिहिलेला नसला तरी ‘ट्रिगर इव्हेंट्स’ म्हणून ओरड होते ती यामुळे. “आमच्याकडे ट्रिगरच नाहीत” हे मी स्वतः ठणकावून सांगितलेलं वाक्य आहे.

आता रांगेत उभ्या इव्हेंटचं टेबलच पाडलं, तर कमिटला तो कुठल्या ओळी तपासणार? म्हणून पोस्टग्रेस अडून बसतो. ड्रॉप टेबलच नाही, ऑल्टर टेबल आणि ट्रंकेट यांनाही हीच आडकाठी आहे.

तुमच्या मशीनवर दोन मिनिटांत हे दिसेल:

क्रिएट टेबल गाळे (क्र इन्ट प्रायमरी की);
क्रिएट टेबल कच्ची_आवक (नोंद इन्ट, गोण्या इन्ट, गाळा इन्ट रेफरन्सेस गाळे डिफरेबल इनिशियली डिफर्ड);
इन्सर्ट इन्टू गाळे व्हॅल्यूज (१), (२);

बिगिन;
इन्सर्ट इन्टू कच्ची_आवक व्हॅल्यूज (१०१, ६०, १);
ड्रॉप टेबल कच्ची_आवक;

एरर येणार. आता रोलबॅक करून (ट्रान्झॅक्शन रद्द करून) हेच बिगिनशिवाय एकेक ओळ चालवा. इन्सर्ट आपापला कमिट होतो, रांग रिकामी होते, टेबल मुकाट जातं. आमच्या मुलाचं ‘हाताने चालवला, झाला’ ते हेच. पडलेल्या जॉबमधली उशिराची (रात्री अकरानंतर आलेल्या गाड्यांची) फाइल तो आधी वेगळी लोड करायचा, मग बाकीची स्क्रिप्ट चालवायचा. नकळत त्याने मधे कमिट घातला होता.

आणि पाऊस? तोही खराच होता. आमचा मुख्य लोड रात्री अकराला स्वतंत्रपणे होऊन कमिट व्हायचा. पहाटे चारच्या ट्रान्झॅक्शनमध्ये तीन कामं होती: अकरानंतर आलेल्या गाड्यांच्या नोंदी कच्च्या टेबलात टाकणे, सगळं पावतीत नकलणे, कच्चं टेबल ड्रॉप करणे. गाड्या वेळेत आल्या तर ‘अकरानंतरच्या’ नोंदी शून्य. शून्य ओळींचा इन्सर्ट, रांगेत शून्य इव्हेंट, ड्रॉप बिनतक्रार. घाटात कोंडी झाली, नाशिककडच्या चार गाड्या माजिवड्याच्या पुढे पहाटे आल्या, की चार ओळी, चार इव्हेंट आणि लॉगमध्ये लाल अक्षरं. अंधश्रद्धेला इतका नेमका आधार असलेला मी दुसऱ्यांदा पाहिलेला नाही.

टेस्ट सर्व्हरवर हे कधीच का दिसलं नाही तेही यात आलं. तिथे उशिराची फाइल कायम रिकामी होती.

कशाने इव्हेंट लागतो, कशाने नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘कधी येतो, कधी येत नाही’ याची अर्धी कोडी इथे सुटतात.

फॉरेन की ज्या टेबलावर आहे (आमचं कच्ची_आवक) तिथे इन्सर्टने इव्हेंट लागतो, डिलीटने लागत नाही. मुलगी घर सोडून गेली तर आईचा पत्ता तपासायची गरज नाही. अपडेटचं मात्र गमतीचं आहे. फॉरेन कीचा रकाना बदलला तरच इव्हेंट लागतो; न बदलल्यास पोस्टग्रेस ती तपासणी आधीच वगळतो. म्हणजे आधी कमिट झालेल्या नोंदीच्या गोण्या ६० च्या ५८ केल्या तर ड्रॉप होईल, आणि माल १ नंबरऐवजी २ नंबर गाळ्यावर उतरला अशी दुरुस्ती केली तर होणार नाही. एकच अपडेट वाक्य, रकाना वेगळा, निकाल वेगळा.

उलट बाजूला, म्हणजे गाळे या टेबलात, नवा गाळा घातला तर काही नाही. गाळा काढला किंवा त्याचा क्रमांक बदलला तर इव्हेंट गाळ्यांवर लागतो. मग गाळे ड्रॉप करायला जाल तर अडाल. आणि यात एक फसवा प्रकार आहे: त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तुम्ही गाळ्यांतून ओळ काढली आणि कच्ची_आवक ड्रॉप करायला निघालात, तरीही अडता. कच्च्या टेबलावर काहीच बाकी नसतं. पण ते पाडताना त्याची फॉरेन की जाते, फॉरेन कीबरोबर गाळ्यांवर बसवलेले तिचे आतले ट्रिगर जायला हवेत, आणि गाळ्यांवर तर बाकी आहे. तेव्हा एररमध्ये अवतरणात कुठलं नाव आहे ते नीट वाचा. ज्या टेबलावर तुमची नजर आहे तेच ते असेल असं नाही.

डिलीटवर कॅस्केड (मूळ ओळ गेली की तिच्यावर अवलंबून ओळीही जाव्यात) असेल तर ती साखळी लगेच चालते, डिफर्ड लिहिलं असलं तरी. पुढे ढकलता येते ती फक्त ‘नो ॲक्शन’ची तपासणी. चेक आणि नॉट नल या कन्स्ट्रेंटना (अटींना) तर उधारी कधीच मिळत नाही. युनिक, प्रायमरी की आणि एक्सक्लूड डिफरेबल करता येतात. शिवाय तुम्ही स्वतः कन्स्ट्रेंट ट्रिगर लिहिले असतील तर तेही या रांगेत उभे राहू शकतात.

रांगेत आत्ता काय आहे ते दाखवणारा व्ह्यू शोधत बसू नका. ती त्या कनेक्शनच्या खाजगी मेमरीत असते, बाहेरून दिसत नाही. उधारी कुठे *होऊ शकते* ते मात्र दिसतं. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइनमध्ये टेबलाचं वर्णन मागवलं (उलटी तिरकी रेघ, मग डी, मग टेबलाचं नाव) की फॉरेन कीच्या शेवटी डिफरेबल इनिशियली डिफर्ड छापलेलं असतं. खालच्या ‘रेफरन्स्ड बाय’ भागात इतर टेबलांकडून येणाऱ्या कीही दिसतात. आख्ख्या डेटाबेसची यादी हवी असेल तर पीजी_कन्स्ट्रेंट या कॅटलॉगात कॉनडिफरेबल हा रकाना खरा असलेल्या ओळी काढा. आमच्याकडे एकच निघाली. तुमच्याकडे चाळीस निघाल्या तर बहुधा तुम्ही जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क) वापरता, त्याचं पुढे.

जे उपाय सांगितले जातात आणि चालत नाहीत

ड्रॉप टेबलला कॅस्केड जोडा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. कॅस्केडने त्या टेबलावर अवलंबून असलेले व्ह्यू आणि इतरांच्या फॉरेन की जातात. रांगेतल्या इव्हेंटशी त्याचा संबंध नाही. एरर जागच्या जागी, आणि टेबल पुढे कधी गेलंच तर सोबत दोन व्ह्यू गेलेले सकाळी कळतात. इफ एक्झिस्ट्सचंही तेच.

टेबलावरचे ट्रिगर बंद करा, हा दुसरा सल्ला. ट्रिगर बंद करण्याची आज्ञाही ऑल्टर टेबलच आहे. तीही त्याच एररने पडते. 

सेव्हपॉइंट (ट्रान्झॅक्शनच्या मधली खूण, जिथवर मागे जाता येतं) घालून रिलीज केला की कमिट झाल्यासारखंच, हा गैरसमज मी चांगल्या अनुभवी लोकांत पाहिला आहे. रिलीजने डिफर्ड तपासण्या चालत नाहीत. त्या बाहेरच्या खऱ्या कमिटपर्यंत थांबतात. सेव्हपॉइंटपर्यंत मागे गेलात तर मधले इव्हेंट जातात, पण मग मधला डेटाही जातो.

तात्पुरतं टेबल करून ऑन कमिट ड्रॉप लावा, हा सल्ला ऐकायला फार छान. ऑन कमिट ड्रॉप सुरक्षित आहेच: कमिटमध्ये आधी डिफर्ड ट्रिगर चालतात, टेबल नंतर पडतं. पण तात्पुरत्या टेबलाची फॉरेन की कायमच्या टेबलाकडे जाऊ शकत नाही, फक्त दुसऱ्या तात्पुरत्याकडे. आमच्यासाठी मुद्दा तिथेच संपला.

आणि शेवटचा, खरा घातक. सेशन_रेप्लिकेशन_रोल ही सेटिंग रेप्लिका करून टाकायची, म्हणजे त्या सेशनपुरते हे ट्रिगर चालतच नाहीत. यासाठी सहसा सुपरयूजर लागतो, आणि पहिल्या पावसाळ्यात कुणीतरी तो वापरून हे केलं होतं. केल्यावर एरर गेला. जाणारच, तपासणीचे इव्हेंट रांगेत लागलेच नाहीत. पक्क्या ‘पावती’ टेबलाला फॉरेन कीच नव्हती (जुनं टेबल, ‘स्पीड’साठी काढलेली), म्हणजे कच्च्या टेबलावरची की हाच एकमेव दरवान होता. त्या पहाटे दरवानाला झोपवलं, आणि तीन पावत्या अशा गाळ्याच्या नावावर चढल्या जो आमच्या यादीतच नव्हता. गेटवरच्या माणसाने एक आकडा चुकवला होता, इतकंच. पण शेतकऱ्याची हिशोबपट्टी निघेना. आडत कुणाची, हमाली-तोलाई कुणाच्या खात्यातून, काहीच जुळेना. तो गुंता हाताने सोडवायला मला शनिवार लागला.

जे चालतं

एका ओळीचा उपाय आहे. ड्रॉपच्या आधी:

सेट कन्स्ट्रेंट्स ऑल इमिजिएट;

याचा अर्थ, जी काही उधारी असेल ती आत्ता चुकती करा. ही आज्ञा मागे जाऊन लागू होते: रांगेतल्या सगळ्या तपासण्या याच ओळीवर चालतात. सगळं ठीक असेल तर रांग रिकामी आणि पुढचा ड्रॉप मोकळा. ठीक नसेल तर इथेच फॉरेन की तुटल्याचा एरर येतो, कोड २३५०३, आणि तपशिलात नेमका कुठला गाळा यादीत नाही ते छापलेलं असतं. म्हणजे कमिटला जे कळलं असतं ते आधी कळलं.

हे मी पहिल्यांदा घातलं तेव्हा पहाटेचा जॉब पुन्हा पडला. मुलगा म्हणाला, “मॅडम, तुमचा उपाय पण गेला.” लॉग बघितला तर २३५०३. पुन्हा एकदा गेटवरचा चुकलेला आकडा. जॉब पडला ते बरोबरच होतं, फक्त आता खऱ्या कारणासाठी पडला होता.

जागा महत्त्वाची. आम्ही ती ओळ ड्रॉपच्या अगदी वर न ठेवता पावतीत नकलण्याच्याही वर ठेवली. तपासलेला माल पुढे जावा, न तपासलेला नाही. ऑलऐवजी एकाच कन्स्ट्रेंटचं नाव देता येतं आणि मोठ्या ट्रान्झॅक्शनमध्ये तेच बरं, कारण ऑल म्हणजे तुमच्या नजरेत नसलेल्या टेबलांच्या तपासण्याही आत्ताच. एक लक्षात ठेवा: इमिजिएट ही स्थिती ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत राहते. नंतर उलट क्रमाने डेटा भरायचा असेल तर सेट कन्स्ट्रेंट्स ऑल डिफर्ड म्हणून परत उधारी सुरू करावी लागते. आणि ही आज्ञा बिगिनच्या बाहेर दिलीत तर पोस्टग्रेस एक वॉर्निंग देतो आणि काहीही करत नाही. वॉर्निंग लॉगमध्ये कोण वाचतं.

मग प्रश्न येतो, फॉरेन की मुळात डिफर्ड हवीच का. आमच्या बाबतीत हवी होती: गेटच्या फाइलमध्ये आधी नोंदी येतात आणि नव्या गाळ्यांची माहिती त्याच फाइलच्या शेवटी. रोखीची की असती तर पहिल्याच ओळीला फाइल नाकारली गेली असती. तुमच्याकडे असं कारण नसेल, कुणीतरी नमुन्यातून उचलून लिहिलं असेल, तर ऑल्टर टेबलच्या ऑल्टर कन्स्ट्रेंटने ती नॉट डिफरेबल करून टाका. फॉरेन कीसाठी ही सोय पोस्टग्रेसच्या ९.४ आवृत्तीपासून आहे.

दोन ट्रान्झॅक्शन का केली

सेट कन्स्ट्रेंट्सने एरर गेला, तरी मी ड्रॉप त्या ट्रान्झॅक्शनमधून बाहेर काढला. कारण लॉकचं.

फॉरेन की असलेलं टेबल पाडताना ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक त्या एकट्यावर थांबत नाही. ज्या टेबलाकडे की जाते, आमचं ‘गाळे’, तेही लॉक होतं, कारण तिथले ट्रिगर काढायचे असतात. आता पहाटे चार ही मार्केटची ऐन गडबडीची वेळ. प्रत्येक आडतदाराचा मुनीम ॲप उघडून बसलेला, आणि प्रत्येक पडदा गाळे वाचतो. कुणाचा लांबलचक रिपोर्ट चालू असेल तर ड्रॉप त्याच्या मागे उभा राहतो, आणि ड्रॉपच्या मागे बाकी सगळे. साधा सिलेक्टसुद्धा. पाच मिनिटांत फोन सुरू: “अहो, ॲप गोल गोल फिरतंय!”

आता पहिल्या ट्रान्झॅक्शनमध्ये उशिराच्या नोंदी, सेट कन्स्ट्रेंट्स, पावतीत नक्कल आणि कमिट. दुसऱ्यात फक्त लॉक_टाइमआउट ५ सेकंद आणि ड्रॉप. पाच सेकंदांत लॉक नाही मिळालं तर सोडून द्यायचं, अर्ध्या तासाने पुन्हा. इथे मात्र पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ आहे, कारण अडवणारा खरोखर दुसरा कुणीतरी आहे.

याची किंमत अशी की दोन्हींच्या मधे जॉब मेला तर डेटा पावतीत गेलेला आणि कच्चं टेबल तसंच. जॉब परत चालला तर नोंदी दोनदा जातील. म्हणून पावतीत गेटच्या नोंद क्रमांकावर युनिक ठेवला आणि इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग लावलं. (हा युनिक डिफरेबल करू नका. ऑन कॉन्फ्लिक्ट डिफरेबल कन्स्ट्रेंटच्या आधारावर चालत नाही. उत्साहाच्या भरात मी केला होता.) कच्च्या टेबलाच्या नावात तारीख घातली, म्हणजे कालचं राहिलं तरी आजचं तयार होतं.

सगळं एकाच स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये हवं असेल तर पोस्टग्रेसच्या ११ व्या आवृत्तीपासून प्रोसिजरच्या आत कमिट लिहिता येतो, कॉल केल्यावर. फंक्शनमध्ये नाही येत. बाहेरून कुणी आधीच बिगिन केलेलं असेल तर प्रोसिजरमध्येही नाही.

हे सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये मुळात कुणी कोंबलं? आमचे एक सर, ओरॅकलमध्ये केस पिकवलेले. त्यांचा दोष नाही. ओरॅकलमध्ये ड्रॉप टेबल म्हटलं की आधी आपोआप कमिट होतो, मग टेबल जातं. उधारी त्या कमिटमध्येच मिटते. मायएसक्यूएलमध्ये तर डिफर्ड फॉरेन कीच नाही आणि तिथेही ड्रॉप आपणहून कमिट करतो. पोस्टग्रेस ड्रॉपलाही ट्रान्झॅक्शनच्या आत घेतो, रोलबॅक केला तर टेबल परत येतं. या सोयीची दुसरी बाजू म्हणजे हा एरर. सरांना हे सांगितलं तेव्हा ते चहाचा घोट घेऊन म्हणाले, “म्हणजे तीस वर्षं मी कमिट करत होतो आणि मला माहीतच नव्हतं.”

जँगोवाल्यांसाठी

जँगो पोस्टग्रेसवर प्रत्येक फॉरेन की डिफरेबल इनिशियली डिफर्डच बनवतो, आणि प्रत्येक मायग्रेशन (डेटाबेसमधल्या बदलांची फाइल) एका ट्रान्झॅक्शनमध्ये चालवतो. तेव्हा एकाच मायग्रेशन फाइलमध्ये रन-पायथनने ओळी भरल्यात किंवा बदलल्यात आणि लगेच खाली त्याच मॉडेलचा रकाना बदलला किंवा मॉडेल डिलीट केलं, की हाच एरर, बहुतेक वेळा ऑल्टर टेबलच्या नावाने. लॅपटॉपवर टेबल रिकामं म्हणून पास, प्रॉडक्शनवर नापास. दोन फायली करा: एकीत डेटा, दुसरीत रचना. जँगोची स्वतःची कागदपत्रंही हेच सांगतात. ॲटॉमिक फॉल्स लावूनही एरर जातो, पण मग मायग्रेशन अर्ध्यात मेलं तर अर्धंच राहतं आणि पुढचा तासभर तुम्ही हाताने ओळी पुसत बसता. फाइलमधल्या आतल्या ॲटॉमिक ब्लॉकवर भरवसा ठेवू नका. तो सेव्हपॉइंट आहे, त्याचं वर झालंच.

आमच्या टेस्ट डेटात आता उशिराच्या चार गाड्या कायमच्या आहेत, आणि त्यातली एक यादीत नसलेल्या गाळ्यावर जाते. त्या टेस्टमध्ये जॉब २३५०३ ने पडला तरच पास म्हणायचं. ५५००६ आला किंवा काहीच आलं नाही, तर कुणीतरी जॉबमध्ये ढवळाढवळ केली आहे.

गेल्या जुलैत घाट बंद होता त्या पहाटे जॉब पडला. मला फोन आला नाही. ऑफिसात पोचले तेव्हा मुलगा लॉगमधला गाळा नंबर कागदावर लिहून गेटवरच्या कारकुनाशी बोलत होता, “अहो काका, सत्तेचाळीस की चौऱ्याहत्तर, एकदा नीट बघून सांगा ना.”